दम किती लागतो? आठ ओळींच्या एका प्रश्नावलीचं वाचन

तुमच्या घरात कुणाला सीओपीडी असेल, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करून टाकणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार, तर एक कागद तुम्ही बहुधा पाहिला असेल. इंग्लंडात जीपीकडच्या नर्सने तो हातात दिला असेल, अमेरिकेत वेटिंग रूममध्ये क्लिपबोर्डला लावून मिळाला असेल, किंवा एखाद्या क्लिनिकच्या टॅब्लेटवर आला असेल. त्यावर आठ ओळी असतात. प्रत्येक ओळीच्या डाव्या टोकाला एक सुखाचं वाक्य, उजव्या टोकाला त्याच्या उलट दुःखाचं वाक्य आणि मध्ये 0 ते 5 असे सहा आकडे. खोकला, कफ, छाती आवळल्यासारखी वाटणं, चढ किंवा एक मजला जिना चढताना लागणारा दम, घरातली कामं, घराबाहेर पडण्याचा आत्मविश्वास, झोप आणि अंगातली ताकद, अशा क्रमाने आठ ओळी. आपल्याला लागू पडेल त्या आकड्यावर खूण करायची. बेरीज 0 ते 40 यांच्यामध्ये कुठेतरी येते. या कागदाचं नाव सीओपीडी असेसमेंट टेस्ट, थोडक्यात कॅट.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी हा कागद रुग्ण भरत नाही, आपण भरतो. आई शेजारच्या खुर्चीवर, पेन आपल्या हातात. "आई, जिना चढताना दम लागतो का गं?" "लागतो थोडा. वय झालं की आता." आपण 2 वर खूण करतो आणि पुढच्या ओळीकडे वळतो. दोन मिनिटांत काम संपतं.

या दोन मिनिटांच्या कामाकडे जरा थांबून पाहावं, असं मला वाटतं. पुस्तकाचं किंवा नाटकाचं परीक्षण आपण करतो, मग ज्या आठ वाक्यांवर आईच्या औषधाचा निर्णय काही अंशी ठरतो, त्यांचं का करू नये? माझं मत आधीच सांगून टाकते. हा कागद चांगला आहे. यंत्राला जे कळत नाही ते त्याला कळतं. पण स्वतःची कामं स्वतः करणारा, एकट्याने बाहेर पडणारा माणूस गृहीत धरून तो लिहिला आहे. परदेशात मुलांकडे राहणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांचं आयुष्य तसं नसतं, म्हणून त्यांचा आजार या कागदावर आहे त्याहून हलका दिसू शकतो.

आधी कागदाच्या बाजूने बोलू. फुफ्फुसं मोजायचं यंत्र जुनं आहे. लंडनच्या जॉन हचिन्सनने 1846 मध्ये स्पायरोमीटरची माहिती प्रसिद्ध केली. आजही निदान त्याच तत्त्वावर होतं. खोल श्वास घ्यायचा, नळीत जोराने फुंकायचं, आणि पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली ते पाहायचं. श्वासनलिका रुंद करणारं औषध दिल्यावरही ही पहिल्या सेकंदाची हवा एकूण फुंकलेल्या हवेच्या 70 टक्क्यांपेक्षा कमी भरली, तर नळ्यांत अडथळा आहे असं मानतात. तुमच्या वयाच्या आणि उंचीच्या निरोगी माणसाच्या तुलनेत ती किती टक्के आहे, त्यावरून तीव्रतेच्या चार पायऱ्या पाडतात: 80 किंवा अधिक, 50 ते 79, 30 ते 49 आणि 30 च्या खाली. या आजाराबद्दल जगभरच्या डॉक्टरांना मार्गदर्शन करणाऱ्या 'गोल्ड' या उपक्रमाचा पहिला अहवाल 2001 मध्ये आला, तेव्हा तीव्रता ठरवायचा आधार प्रामुख्याने हा आकडाच होता.

अडचण अशी की फुंकण्याचा आकडा आणि माणसाचे हाल यांचं गणित जुळत नाही. एक्लिप्स नावाच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात दोन हजारांहून अधिक रुग्ण होते. त्याचे 2010 मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात की एकाच पायरीवरच्या रुग्णांमध्येही दम, चालण्याची क्षमता आणि जगण्याची प्रत यांत प्रचंड फरक असतो. यंत्राच्या हिशेबाने आजार मध्यम असलेला एखादा माणूस घराबाहेर पडू शकत नाही आणि गंभीर ठरलेला दुसरा रोज बाजारात जाऊन येतो. जपानमधल्या एका अभ्यासाने 2002 मध्ये त्याहून महत्त्वाची गोष्ट दाखवली. 183 रुग्णांवर पाच वर्षं लक्ष ठेवलं, तेव्हा कोण जगेल आणि कोण नाही याचा अंदाज फुंकण्याच्या आकड्यापेक्षा 'दम किती लागतो' या साध्या प्रश्नाच्या उत्तराने अधिक चांगला बांधता आला.

यंत्रही आपल्याला वाटतं तितकं तटस्थ नाही. 'निरोगी माणसाच्या तुलनेत' म्हणताना तो निरोगी माणूस कुठल्या वंशाचा धरायचा, हा प्रश्न त्यात दडलेला असतो. गोऱ्या नसलेल्या लोकांची फुफ्फुसं मुळातच लहान, असं मानून अपेक्षित आकडा खाली आणायची पद्धत अनेक वर्षं होती. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने 2023 मध्ये वंशावर न बेतलेली मोजपट्टी वापरण्याची शिफारस केली. तेव्हा यंत्र म्हणजे सत्य आणि प्रश्नावली म्हणजे रुग्णाची कुरकुर, असा हिशेब कुणी मांडत असेल तर तो चुकीचा आहे.

आणखी एक पुरावा मला सर्वांत बोलका वाटतो. पल्मनरी रिहॅब म्हणजे देखरेखीखाली काही आठवडे चालणं, पायांचे व्यायाम, श्वास सांभाळायचं शिक्षण. त्याने दम कमी होतो, माणूस जास्त चालतो, त्याचा उत्साह वाढतो. पण फुंकण्याचा आकडा जवळपास जिथल्या तिथेच राहतो. केवळ यंत्रावर विसंबलो असतो, तर या आजारातल्या सर्वांत गुणकारी उपायांपैकी एक उपाय निरुपयोगी ठरवून आपण मोकळे झालो असतो. त्याचा गुण दिसतो तो चालण्याच्या चाचणीत आणि प्रश्नावलीत.

म्हणजे प्रश्न विचारायलाच हवेत, यात शंका नाही. मुद्दा असा की ते कुणाच्या आयुष्याकडे पाहून लिहिले गेले.

दम मोजणारी सर्वांत प्रसिद्ध पट्टी कोळशाच्या खाणींतून आली आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलचं एक पथक वेल्समधल्या खाणकामगारांच्या फुफ्फुसांचा अभ्यास करत होतं. प्रमुख होते चार्ल्स फ्लेचर. ऑक्सफर्डमध्ये 1941 साली रुग्णाला पेनिसिलिन टोचलं गेलं, ते टोचणारे तरुण डॉक्टर हेच. खाणकामगाराला किती दम लागतो हे नेमकं नोंदवण्यासाठी त्यांनी पाच पायऱ्या केल्या. खूप श्रम केल्यावरच दम लागणं ही पहिली. घाईने चालताना किंवा थोडा चढ चढताना लागणं ही दुसरी. सपाटीवर बरोबरीच्या माणसांपेक्षा हळू चालावं लागणं किंवा आपल्या चालीने चालतानाही थांबावं लागणं ही तिसरी. शंभरेक यार्डांवर थांबावं लागणं ही चौथी. आणि घराबाहेर पडता न येणं किंवा कपडे घालता-काढताना धाप लागणं ही पाचवी. आज एमआरसी नावाने ओळखली जाते ती हीच पट्टी. पायऱ्या 0 ते 4 अशा मोजल्या की तिला एमएमआरसी म्हणतात.

पट्टी सुरेख आहे. तिच्यात 'तुम्हाला कसं वाटतं' असा भोंगळ प्रश्न नाही. तुम्ही कुठपर्यंत जाता आणि कुठे थांबता, एवढंच ती विचारते. पण जो कामगार रोज पायी कामावर जातो, ज्याच्या गावात चढ आहे आणि ज्याच्या बरोबरीचे लोक त्याच्याच रस्त्याने चालत असतात, त्याच्यासाठी ती केलेली आहे. आता न्यू जर्सीत किंवा डॅलसमध्ये मुलाकडे राहणाऱ्या आजींना ती लावून पाहा. घरातून गॅरेजमध्ये, गॅरेजमधून गाडीत, गाडीतून देवळाच्या दाराशी. चढ नाही, शंभर यार्डांची चाल नाही, आणि सोबत चालायला बरोबरीचं कुणी नाही. "बरोबरीच्या बायकांपेक्षा हळू चालता का?" या प्रश्नाला त्या काय उत्तर देणार? बरोबरीच्या बायका साताऱ्यात राहिल्या.

दुसरी नावाजलेली प्रश्नावली लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या नावाची. पॉल जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला तयार केली. तिच्यात 50 प्रश्न आहेत, गुण 0 ते 100, आणि औषधांच्या चाचण्यांमध्ये ती वर्षानुवर्षं वापरली गेली आहे. ती नीट वाचली की एक विशिष्ट माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो. हा माणूस बागेत खणतो, बर्फ उपसतो, गोल्फ किंवा टेनिस खेळतो, कुत्र्याला फिरवतो, चर्चला आणि पबला जातो. मूळ लेखकांना दोष देण्याचं कारण नाही, त्यांच्यासमोरचे रुग्ण तसेच होते. भाषांतर करताना अशा गोष्टींच्या जागी स्थानिक गोष्टी घालण्याची पद्धतही आहे: दोघांनी स्वतंत्र भाषांतर करायचं, ते उलट इंग्रजीत आणून ताडून पाहायचं, मग रुग्णांना वाचून दाखवून त्यांना काय समजलं ते विचारायचं. पण आपल्या घरांत या सगळ्या खटाटोपाचा काही उपयोग होत नाही. कारण इंग्रजी कागद समोर असतो आणि भाषांतर आपण जागेवर, घाईत, एका बाजूला पार्किंगच्या वेळेकडे लक्ष ठेवून करत असतो.

कॅटही पॉल जोन्स यांच्याच पुढाकाराने 2009 मध्ये आली. सेंट जॉर्जेसची प्रश्नावली रोजच्या दवाखान्यात भरायला लांबलचक, म्हणून तिचं काम आठ ओळींत करायचं, हा हेतू. तिच्यात गोल्फ नाही, पब नाही. तरीही तिच्या ओळी आपल्या घरात आणून वाचल्या की काय होतं, ते एकेक करून पाहू.

कफाची ओळ घ्या. बेडका हा शब्द आपल्याकडे चारचौघांत उच्चारायचा नाही, आणि मुलासमोर किंवा जावयासमोर तर नाहीच. अनेक बायका कफ थुंकत नाहीत, गिळतात. छातीत कफ भरलेला असतो की नाही, असं विचारलं तर उत्तर येतं, "छे, तसं काही नाही."

जिन्याची ओळ सांगते, जिना चढताना तुम्हाला किती धाप लागते ते लिहा. पण वर्षापूर्वीच आईची खोली खाली आणली असेल तर? ती जिना चढतच नाही, त्यामुळे धापही लागत नाही. आजार वाढला म्हणून जिना सुटला आणि जिना सुटला म्हणून आकडा उतरला. या आजाराची ही खरी चलाखी आहे. दम लागू नये म्हणून माणूस नकळत आपलं वर्तुळ लहान करत जातो, आणि त्या लहान वर्तुळात तो बरा असतो. प्रश्नावली दम विचारते, वर्तुळ विचारत नाही.

घरातल्या कामांची ओळ वडिलांच्या बाबतीत गंमतशीर आहे. माझी घरातली कुठलीही कामं अडत नाहीत, या वाक्यावर आपल्या पिढीचे कितीतरी वडील खुशाल 0 वर खूण करतील. चहाचा कप उचलून बेसिनपर्यंत नेण्याचंही काम ज्यांनी कधी केलं नाही, त्यांचं काय अडणार? आईच्या बाबतीत उलट. ती सगळं करते, फक्त दुप्पट वेळ लावून, मध्ये ओट्याला टेकून उभी राहून. "अडतं का?" विचारलं की म्हणते, "अडून कसं चालेल?" पुन्हा 0 किंवा 1.

बाहेर पडण्याच्या आत्मविश्वासाची ओळ दुसऱ्याच कारणाने फसते. आई एकटी बाहेर पडत नाही, कारण गाडी चालवता येत नाही, बर्फावर पाय घसरेल अशी भीती वाटते, रस्ता विचारायला भाषा येत नाही. या ओळीत परदेशाची भीती फुफ्फुसांच्या खात्यात जमा होऊ शकते. झोपेची ओळ प्रोस्टेटमुळे बिघडते, ताकदीची ओळ रक्त कमी असल्याने किंवा मनाच्या उदासीमुळे. आकडा दोन्ही बाजूंनी चुकू शकतो.

आता ज्या हालचालींनी आपल्या माणसांना खरोखर दम लागतो, त्या आठवा. हात वर करून केलेलं काम या आजारात फार जड जातं, कारण खांद्याचे जे स्नायू एरवी श्वासाला मदत करतात, ते हात पेलण्यात गुंततात. म्हणजे वेणी घालणं, वाळत घालणं, वरच्या फळीवरचा डबा काढणं. वाकलं की पोट आणि छाती दबते. म्हणजे केर काढणं, साडीच्या निऱ्या नीट करायला वाकणं, जमिनीवर मांडी घालून पूजेला बसणं आणि तिथून उठणं. लांब वाक्य एका श्वासात म्हणायला हवा पुरत नाही, म्हणून आरतीत आवाज मागे पडतो, स्तोत्र मध्येच तुटतं. यातली एकही गोष्ट त्या आठ ओळींत नाही. पण आईला यांतलं एखादं विचारून पाहा. "वेणी घालताना मध्ये हात खाली घ्यावे लागतात का?" याचं उत्तर ती लगेच आणि खरं देईल.

मग शब्दांचा प्रश्न येतो. मराठीत दम लागतो, धाप लागते, श्वास कोंडतो, छाती भरून येते, जीव घाबरा होतो, घरघर होते. या सगळ्यांचं इंग्रजी करताना आपण एकच शब्द वापरतो, ब्रेथलेस. उलट छाती आवळल्यासारखी वाटते का, असं मराठीत विचारलं की ऐकणाऱ्याला हृदयविकाराचा झटका आठवतो आणि तो घाईने नाही म्हणतो. शिवाय 'दमा' हा शब्द जवळच बसलेला असतो. जुन्या पिढीला तो घराण्यावरचा डाग वाटतो, म्हणून दम हा शब्दही नको असतो, 'थकवा' चालतो.

शब्दांचा हा फरक कल्पनेतला नाही. अमेरिकेत 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात दम्याच्या कृष्णवर्णीय आणि गोऱ्या रुग्णांच्या श्वासनलिका औषधाने मुद्दाम आकुंचित केल्या आणि काय होतंय ते त्यांनाच सांगायला लावलं. गोरे रुग्ण बहुतेक करून हवा पुरत नाही, खोल श्वास घ्यावासा वाटतो, अशा भाषेत बोलले. कृष्णवर्णीय रुग्णांनी घसा आवळल्याचं, आवाज अडकल्याचं, भीती वाटल्याचं सांगितलं. नळ्यांतला अडथळा तोच, पण ज्या शब्दांची वाट डॉक्टर पाहत होते ते शब्द एकाच गटाकडे होते. इंग्रजी बोलणाऱ्या दोन गटांत हे होत असेल, तर मराठीतून इंग्रजीत जाताना काय काय गळत असेल?

इतका कीस काढण्याचं कारण आहे. या बेरजेवर दारं उघडतात आणि बंद होतात. 'गोल्ड'ने 2011 पासून लक्षणांना उपचाराच्या निर्णयात जागा दिली. 2023 च्या अहवालात रुग्णांचे तीन गट आहेत: ए, बी आणि ई. वर्षभरात आजार दोनदा उसळून स्टेरॉइड किंवा अँटिबायोटिक घ्यावं लागलं, किंवा एकदा जरी त्यासाठी रुग्णालयात दाखल व्हावं लागलं, तर ई. नसेल तर लक्षणं पाहायची. कॅटची बेरीज 10 किंवा अधिक असली, किंवा एमएमआरसीची पायरी 2 किंवा वरची असली, की बी, त्याखाली ए. ए गटाला सुरुवातीला श्वासनलिका रुंद करणारं एक औषध, बी गटाला दीर्घकाळ टिकणारी दोन औषधं एकत्र.

समजा, आपण भरलेल्या कागदावर आईचे गुण असे आले: खोकला 1, कफ 0, छाती 1, जिना 2, घरकाम 1, बाहेर पडणं 0, झोप 1, ताकद 2. बेरीज 8. गट ए. आता तोच कागद शांतपणे, तिच्या शब्दांत विचारून भरला. कफ 2 झाला, कारण ती गिळते हे कळलं. जिना 4 झाला, कारण तिला म्हटलं, "आत्ता वरच्या मजल्यावर जायचं झालं तर?" घरकाम 3 झालं, कारण ओट्याला टेकून उभं राहणं मोजलं. बाकीचे आकडे तसेच. बेरीज 14. गट बी. बाई तीच, फुफ्फुसं तीच, तारीखही तीच. कॅटमध्ये 2 गुणांचा फरक रुग्णाला जाणवण्याइतका मोठा मानतात. इथे फरक 6 चा आहे आणि तो सगळा विचारण्याच्या पद्धतीतून आला.

इंग्लंडमधल्या वाचकांसाठी दुसरं दार. तिथल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार पल्मनरी रिहॅब आजारामुळे अडल्यासारखं वाटणाऱ्या रुग्णांना द्यायचं, आणि तसं वाटणं म्हणजे साधारणपणे एमआरसीची तिसरी पायरी किंवा त्यापुढची. ही तिसरी पायरी म्हणजे तीच, बरोबरीच्यांपेक्षा हळू चालण्याची. "नाही, तशी मी आपली सावकाश चालते" हे उत्तर दुसऱ्या पायरीत टाकायचं की तिसऱ्या, हे तिथल्या तिथे ठरतं. आपण पटकन 'दोन' म्हणालो, तर ज्या उपायाने ती वर्षभरात पुन्हा देवळापर्यंत चालत जाऊ शकली असती, त्याची चिठ्ठी कदाचित निघतच नाही.

समीक्षकाने न चुकता नोंदवायच्या आणखी दोन गोष्टी. पहिली, या दोन मोजपट्ट्या एकमेकींशी जुळत नाहीत. कॅटने बी ठरलेला रुग्ण एमएमआरसीने ए ठरतो, असं अनेकदा घडतं, कारण एक पट्टी आठ गोष्टी विचारते आणि दुसरी फक्त दम. तेव्हा दवाखान्यात कुठला कागद हाताशी होता, यावरही गट बदलू शकतो. दुसरी, कॅट तयार झाली ती ग्लॅक्सोस्मिथक्लाइन या इनहेलर बनवणाऱ्या औषध कंपनीच्या खर्चाने. एवढ्यावरून कागद खोटा ठरत नाही. त्याची पारख पुढे अनेक देशांत स्वतंत्रपणे झाली आहे. पण 10 हा आकडा ओलांडला की एकाऐवजी दोन औषधं, हे लक्षात घेता त्या कागदाचा खर्च कुणी केला हे वाचकाला माहीत असावं. माझी भीती मात्र आपल्या घरांपुरती उलट आहे. तिथे औषध गरजेपेक्षा जास्त मिळण्यापेक्षा, सहन करण्याच्या सवयीमुळे कमी मिळण्याचा धोका मला मोठा दिसतो.

ती सहन करण्याची सवय निदानाच्या आधीपासूनच आड येते. सीओपीडी म्हणजे सिगारेट ओढणाऱ्यांचा आजार, असं पाश्चात्त्य दवाखान्यात पक्कं बसलेलं आहे. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमधले संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी 2009 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहिलेल्या लेखात जगातल्या सीओपीडीच्या 25 ते 45 टक्के रुग्णांनी कधीच धूम्रपान केलेलं नसल्याचा अंदाज मांडला, आणि लाकूड, शेणी, काटक्या यांच्या धुराकडे बोट दाखवलं. आपल्या आया-आज्यांपैकी कितीजणींनी आयुष्याची वीस-तीस वर्षं चुलीपुढे काढली, ते आपल्याला ठाऊक आहे. "स्मोकिंग?" या प्रश्नाला 'नो' एवढंच उत्तर गेलं की चूल कागदावर येतच नाही. कॅट कारण विचारत नाही. ते तिचं कामही नाही. ती निदानाची चाचणी नाही. म्हणून हे आपणच सांगायचं असतं.

मग करायचं काय? कागद फाडून टाकायचा नाही. तो दवाखान्यात पोचण्याआधी घरी, निवांत, आईच्या चहाच्या वेळी भरायचा. पेन शक्यतो तिच्या हातात द्यायचं. वाचता येत नसेल तर दोन्ही टोकांची वाक्यं तिच्या बोलीत सांगायची आणि आकडा तिने बोटाने दाखवायचा. मधल्या आकड्यांना शब्द नाहीत, म्हणून 0 म्हणजे मुळीच नाही आणि 5 म्हणजे याहून वाईट असूच शकत नाही, एवढं आधी समजवायचं. ती 'वय झालं' म्हणाली तर एक उपप्रश्न विचारायचा: गेल्या दिवाळीला काय करत होतीस जे आता करत नाहीस? या उत्तरात वर्तुळ सापडतं. ते कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूला दोन ओळींत लिहायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. खूण कशामुळे केली, फुफ्फुसांमुळे, गुडघ्यांमुळे की बर्फामुळे, तेही तिथेच लिहायचं. दर वेळी तोच कागद, शक्य तर त्याच भाषेत आणि त्याच पद्धतीने भरायचा, कारण एकट्या आकड्यापेक्षा मागच्या आकड्याशी पडलेला फरक डॉक्टरांना जास्त सांगतो.

आणि दवाखान्यात दुभाषा मागायचा. अमेरिकेत केंद्र सरकारचा निधी घेणाऱ्या रुग्णालयांना तो विनामूल्य द्यावा लागतो, इंग्लंडात एनएचएसकडूनही मिळतो, बहुतेक वेळा फोनवरून. भाषेच्या रकान्यात सोय म्हणून 'हिंदी' लिहून मोकळं होऊ नका, 'मराठी' लिहा. आपल्याला इंग्रजी उत्तम येतं हे खरं, पण मुलासमोर कफाबद्दल, झोपेबद्दल, भीतीबद्दल आई जे बोलणार नाही, ते फोनवरच्या अनोळखी मराठी आवाजाला ती सांगण्याची शक्यता अधिक. आपण तिचे नातेवाईक आहोत. तिला घाबरवायचं नाही आणि आपणही घाबरायचं नाही, म्हणून आपण नकळत आकडे खाली आणतो.

आठ ओळींच्या या कागदाने डॉक्टरांना एक चांगली सवय लावली: यंत्राकडे पाहून झालं की माणसाकडे वळायची. ती सवय मोलाची आहे आणि कागदाच्या उणिवा दाखवताना ती विसरता कामा नये. पण तो कागद फक्त विचारू शकतो, उत्तर ऐकायचं काम त्याला जमत नाही. ते आपल्याला करावं लागेल. पुढच्या अपॉइंटमेंटच्या आदल्या दिवशी आईजवळ बसा आणि वेणीपासून सुरुवात करा.